वॉर्सातलं 'पॉश' पोलिश जेवण: आईचा अर्धा घास, झुरेक आणि आंबील

विस्वाकाठचा

वॉर्सात राहायला येऊन सहा वर्षं झाली, पण पोलिश जेवण म्हटलं की आमची धाव ऑफिसच्या कँटीनपर्यंत, फार तर बार म्लेच्नीपर्यंत. बार म्लेच्नी म्हणजे शब्दशः 'दुधाचा बार'. काउंटरवर पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची, खिडकीतून ताट उचलायचं, खाऊन झालं की ताट आपणच परत न्यायचं. सरकारी अनुदानावर चालणारी, स्वस्त आणि पोटभर जेवणाची जागा. ती मला मनापासून आवडते. त्यामुळे प्येरोगीसाठी (सारण भरून उकडलेल्या करंज्या) तिप्पट पैसे मोजणारे लोक मला कायम वेडे वाटायचे.

या नोव्हेंबरात आई भारतातून आली होती. ११ तारखेला इथे स्वातंत्र्यदिनाची सुट्टी असते (पोलंड स्वतंत्र झाला १९१८ मध्ये) आणि तोच दिवस सेंट मार्टिनचाही, म्हणून त्या आठवड्यात जिथेतिथे हंस शिजत असतो. बायको म्हणाली, एकदा तरी नीट टेबलावर बसून, कुणीतरी वाढलेलं पोलिश जेवण जेवू या. सास्का केंपात टेबल ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विस्वा नदीच्या उजव्या काठावरची ही जुनी, झाडांनी भरलेली वस्ती. बंगले, वकिलाती, आणि फ्रान्त्सुस्का रस्त्यावर ओळीने खाण्याच्या जागा. आपल्या प्रभात रोडला नदीपलीकडे नेऊन ठेवलं तर जसं दिसेल तसं. रेस्टॉरंटचं नाव लिहीत नाही, कारण पुढे वाचाल.

आत शिरताच शात्न्या, म्हणजे कोट ठेवायची खोली. चांगल्या जागी कोट खुर्चीवर टाकलेला चालत नाही. मी तिघांचे कोट, मफलर, आईची कानटोपी देण्यात गुंतलो आणि तेवढ्यात टेबलावर ब्रेड आला. सोबत खारातल्या काकड्या आणि मातीच्या बुटुकल्या वाडग्यात पांढरं, मऊ, वर तळलेल्या कांद्याचे तुकडे असलेलं काहीतरी. मी परत येतोय तर आई ब्रेडला ते लावून खातेय आणि बायकोला सांगतेय, "लोणी चांगलं आहे गं, कांदा परतून घातलाय."

ते स्मालेत्स होतं. डुकराची चरबी.

आई जन्मभर शाकाहारी. अर्धा घास पोटात गेला होता. मी "आई, थांब" एवढंच म्हणालो, पण माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं. तिने उरलेला तुकडा बशीच्या कडेला ठेवला, पाणी प्यायली आणि पाच मिनिटं एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "घरी कुणाला सांगायचं नाही हं." (आई हा धागा वाचत नाही. आशा आहे.)

वाढणाऱ्या मुलीला मी सांगितलं, तेव्हा तिचाच चेहरा पडला. ती आत गेली आणि एका छोट्या काचेच्या पेल्यात गडद लाल काहीतरी घेऊन आली. बीटाचं आंबवण. बीट, पाणी, मीठ, लसूण; पाच-सहा दिवस बरणीत मुरवलेलं, मांसाचा संबंध नाही. आईने आधी वास घेतला, मग एक घोट. मग सगळा पेला. "यात मोहरी फेसून घातली असती तर आणखी बहार आली असती," ती म्हणाली, आणि टेबलावरचं मळभ गेलं.

मी मागवलं होतं झुरेक. रायच्या पिठाचं आंबवण करून त्यात केलेलं आंबट सूप. आत पांढरं सॉसेज, उकडलेलं अंडं, आणि वर चुरडलेला मायेरानेक. पहिला चमचा तोंडाजवळ नेला आणि कुणीतरी गजरा माळून शेजारून गेल्यासारखं वाटलं. दोन मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला: मायेरानेक म्हणजे आपला मरवा! आपण तो वेणीत घालतो, हे सूपमध्ये.

कँटीनमध्ये झुरेक शंभरदा खाल्लंय. ते पाकिटातलं असतं. आंबट लागतं, पण व्हिनेगर ओतल्यासारखं, जिभेच्या टोकाशी संपणारं. इथला आंबटपणा हळू येत होता, आणि मागे धान्याचा वास होता. आईला सॉसेजमुळे खाता येत नव्हतं, पण वाडगा नाकाशी नेऊन तिने निकाल दिला: "अरे, ही तर आंबील." साताऱ्याकडची आहे ती, ज्वारीच्या आंबिलीवर वाढलेली. तिचा अंदाज चुकणार नाही.

बाकी जेवण पटकन सांगतो. आईला बटाटा आणि ताज्या चीजचे प्येरोगी, स्क्वार्कीशिवाय (स्क्वार्की म्हणजे वर पेरलेले चरबीचे कुरकुरीत तुकडे, यावेळी मी तीनदा बजावलं). मला हंसाची तंगडी, लाल कोबी, भाजलेलं सफरचंद, तंगडीवरही मरवा. बायकोने ट्राउट मासा घेतला आणि तिथे दुसरा दणका. मेन्यूत २४ झ्वॉटी लिहिलं होतं, ते शंभर ग्रॅमला. मासा निघाला ३८० ग्रॅमचा. एकूण बिल ४२९ झ्वॉटी, टिप वेगळी. रुपयांत टिपेशिवायच नऊ हजारांच्या आसपास.

तर प्रश्न असा: हे जेवण, जे मुळात पोलिश आजीच्या स्वयंपाकघरातलं आहे, त्याला एवढे पैसे देणं पटतं का? मला दुसऱ्या दिवसापर्यंत पटत नव्हतं. आता झुरेकपुरतं पटतंय.

तर्रीबाज

पहिला! आईंना साष्टांग नमस्कार. बाकी प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पुण्यात पितळी ताटात पिठलं-भाकरी साडेचारशेला खाणारे आपण, पोलिश लोकांना कुठल्या तोंडाने हसणार?

अनामिका_०७

छान लिहिलंय, पण मला राग आलाय. एक वयस्कर भारतीय बाई टेबलावर बसलेली दिसतेय, तर न विचारता प्राण्याची चरबी समोर ठेवायचीच कशी? एवढं महागडं हॉटेल, एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

वूचकर

अनामिकाताई, तुमचा राग समजतो, पण तिथे स्मालेत्स आणि काकड्या म्हणजे आपल्याकडे पानात डावीकडे वाढलेलं मीठ-लिंबू. कुणी विचारत नाही, येतंच. चूक असेल तर ती बरोबर गेलेल्या पोराची, सहा वर्षं राहून आईला आधी सांगितलं नाही. (विस्वाकाठच्या, हलके घे.)

मी पोलंडमधल्या वूच शहरात राहतो. नकाशात शोधू नका, तिथे 'लॉड्झ' असं काहीतरी वाचाल. पोलिश 'एल'वर आडवी रेघ असली की तो 'व' होतो. म्हणूनच झ्लॉटी नाही, झ्वॉटी.

शाकाहारींसाठी अनुभवाचे बोल. 'बेझ म्येंसा' म्हणजे 'मांसाशिवाय' एवढं म्हणून भागत नाही. कांद्याबरोबर बेकनचे तुकडे येऊ शकतात, कारण जुन्या पिढीच्या लेखी ती फोडणी, मांस नव्हे. सूप बहुधा हाडांच्या पाण्यात असतं. बीटाचं स्वच्छ सूप बार्श्चसुद्धा. ते खात्रीने शाकाहारी मिळतं नाताळच्या आदल्या संध्याकाळी, विगिल्याला, कारण त्या जेवणात मांस चालत नाही. सोबत 'उश्का', म्हणजे छोटे कान: रानातल्या वाळवलेल्या अळंब्यांचं सारण भरलेल्या कानाएवढ्या करंज्या, उकडलेल्या. मासा मात्र चालतो, त्यामुळे 'बिनमांसाचं' आणि 'शाकाहारी' यांतला फरक तिथेही समजावून सांगावा लागतो.

बिनधास्त खाण्यासारखं: लेनिव्हे (ताज्या चीजचे उकडलेले तुकडे, लोणी-साखर आणि भाजलेला ब्रेडचा चुरा घालून), चीज भरलेले नालेश्निकी (पातळ घावन), बटाट्याची धिरडी.

शेपूद्वेष्टा

एकच प्रश्न. शेपू असतो का?

वूचकर

भावा, तू पोलंडला येऊ नकोस. बटाट्यावर शेपू, काकडीत शेपू, सूपवर शेपू, माशावर शेपू. कोपेरेक म्हणतात. उन्हाळ्यात नवे बटाटे उकडून वर लोणी आणि मूठभर शेपू, शेजारी पेलाभर विरजलेलं दूध, झालं दुपारचं जेवण.

शेपूद्वेष्टा

तिकीट रद्द.

खमंगकाकू

मला तर ऐकूनच तोंडाला पाणी सुटलं. लेक म्यूनिकला असताना आम्ही क्राकूवला चार दिवस गेलो होतो, तेव्हा बीटाचं थंड सूप प्यायले होते. गुलाबी रंग इतका भडक की आधी वाटलं रोझ सिरप घातलंय. ताक-दह्यातलं बीट, काकडी, मुळा आणि शेपू. थोडक्यात बीटाची कोशिंबीर, पातळ केलेली, जिरं-मिरचीची फोडणी विसरलेली.

आणि मरव्याचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या दारात मरव्याची कुंडी आहे, चाळीस वर्षं. एकदाही पानात टाकावासा वाटला नाही. उद्या आमटीत टाकून बघते.

तर्रीबाज

काकू, आमटीचं कळवा. काकांचंही कळवा.

जुनाजाणता

"आजीच्या स्वयंपाकघरातलं" या शब्दाला माझा थोडा आक्षेप आहे. पोलिश खाणं म्हणजे फक्त बटाटा-कोबी ही समजूत अलीकडची आहे. बटाटा तिथे सर्रास रुजला तोच अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. मुळात पोलिश भाषेत लिहिलेलं पाककृतींचं पहिलं छापील पुस्तक १६८२ साली क्राकूवमध्ये निघालं, एका सरदारघराण्याच्या मुदपाकखान्याच्या प्रमुखाने लिहिलेलं. त्यात केशर, आलं, दालचिनी, लवंग, जायफळ यांची रेलचेल आहे, आणि आंबटगोड चवीचा सोस. मसाले महाग, म्हणजे पाहुण्याला जितके जास्त घालाल तितकी यजमानाची ऐपत मोठी. तोरुन्य शहराचा मसालेदार मधाचा केक आजही त्याच व्यापाराची आठवण आहे. मिरी-आलं आपल्या किनाऱ्यावरून निघून कुठेकुठे पोचलं बघा.

दुसरा धागा इटालियन. १५१८ मध्ये बोना स्फोर्त्सा ही इटालियन राजकन्या पोलंडची राणी झाली. गाजर, सेलरीचा कंद, लीक, पार्सलीचं मूळ अशी सूपच्या भाज्यांची जी जुडी आजही तिथल्या बाजारात मिळते तिला पोलिशमध्ये नाव आहे 'व्वोश्चिझ्ना', म्हणजे 'इटालियन माल'. सगळं श्रेय राणीला देतात, पण त्यातल्या काही भाज्या तिच्याआधीही तिथे होत्या.

मग साम्यवादी राजवट आली. १९८१ ते १९८९ मांसाला रेशनकार्ड होतं. ज्या पिढीने रांगेत उभं राहून हाडं मिळवली, तिला महागड्या जागी जाऊन हंसाची तंगडी खाताना काय वाटत असेल, ते ४२९ झ्वॉटींत मोजता येणार नाही. पोलंडला पहिला मिशलिन तारा (उत्तम रेस्टॉरंटला मिळणारा मान) मिळाला तो २०१३ मध्ये, वॉर्सात. त्यानंतर तिथल्या आचाऱ्यांनी स्वतःच्याच काशा, अळंब्या, आंबवणं पुन्हा हाताळायला घेतली.

अनामिका_०७

काशा म्हणजे?

जुनाजाणता

भरडधान्याचा शिजवलेला भात म्हणा. काशा ग्रिचाना म्हणजे कुट्टू, जो उत्तरेत उपासाला खातात. पोलंडमध्ये तो भाजून शिजवतात आणि मांसाच्या रश्शासोबत वाढतात. एकाचा उपास, दुसऱ्याची मेजवानी.

पंचगंगा

कोल्हापूरकर असून मी इतका वेळ गप्प बसलो याचंच आश्चर्य वाटतंय.

मंडळी, आपल्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश लोकांची छावणी होती, पाचेक हजार माणसांची. सोव्हिएत राजवटीने सायबेरियाकडे हाकललेली कुटुंबं, बहुतेक बायका-मुलं, इराणमार्गे भारतात आली आणि पंचगंगेकाठी राहिली. चर्च, शाळा, थिएटर सगळं होतं. फाळणीनंतर तिथेच सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं. आज लोक तिथे कापड घ्यायला जातात आणि आपण कुठे उभे आहोत हे त्यांना माहीत नसतं. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे गेले तेव्हा बातम्यांत झळकलं होतं. पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या जामसाहेबांच्या नावाचा चौकही आहे, 'भल्या महाराजांचा चौक'.

आमची पणजी त्या छावणीबाहेर भाजी विकायला जायची. घरात सांगतात की पोलिश बायका कोबी आणि बीट ढिगाने न्यायच्या, आणि मिरच्यांकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. एवढा कोबी या करतात काय, असा पणजीला प्रश्न पडायचा. आता मला उत्तर मिळालं: मिठात मुरवत असणार. कोल्हापूरच्या उन्हात दोन दिवसांत मुरला असेल.

विस्वाकाठचा

पंचगंगा, तुमची पणजी मला थेट त्या छावणीत घेऊन गेली. त्या स्मारकापाशी आईला घेऊन गेलो होतो. दगडावर 'कोल्हापूर' वाचून ती थबकली आणि म्हणाली, "आपलं कोल्हापूर?" दुसरं कुठलं असणार!

अनामिकाताई, वूचकर म्हणतो ते खरं आहे. चूक माझी. ती मुलगी उलट चांगली वागली. नाव लिहिलं नाही ते तिच्यासाठीच.

खमंगकाकू

आमटीत मरवा टाकला. काकांनी विचारलं, "कुणाकडे लग्न आहे?" पुन्हा टाकणार नाही. सूपला ठीक असेल, तुरीला नाही.

बरं, ते झुरेकचं आंबवण घरी करता येईल का? राईचं पीठ म्हणजे मोहरीचं ना? तिखट नाही का होणार?

वूचकर

काकू, थांबा!! राई नव्हे, राय. गव्हाच्या जातीचं करड्या रंगाचं धान्य. मोठ्या शहरांत ब्रेड करणाऱ्यांच्या दुकानांत त्याचं पीठ मिळतं.

माझी घरमालकीण करते ती पद्धत: काचेच्या बरणीत शंभर ग्रॅम जाडसर राय पीठ, अर्धा लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, तीन-चार ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, तेजपान, चार-पाच ऑलस्पाइसचे दाणे (नसतील तर मिरी आणि एखादी लवंग). वर कापड बांधायचं, झाकण घट्ट लावायचं नाही. रोज स्वच्छ लाकडी चमच्याने ढवळायचं. इथे चार-पाच दिवस लागतात, तुमच्याकडे दोन-तीन पुरे. वास आंबट-गोड यायला हवा. वर काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर दया न दाखवता फेकून द्या. तयार झालं की गाळून फ्रीजमध्ये.

सूप करताना भाज्यांच्या उकळत्या पाण्यात हे थोडं थोडं ओतायचं आणि चाखत राहायचं. आंबटपणा किती हे घरागणिक बदलतं. शाकाहारींनी सॉसेजऐवजी भिजवलेल्या अळंब्या घालाव्यात. आणि मरवा अगदी शेवटी, तळहातावर चोळून.

मूळ प्रश्नावर माझं मत: पोलिश रेस्टॉरंट पारखायचं असेल तर हंस-बदकाकडे बघू नका, ते लोणी-चरबीत कुणालाही जमतं. आंबट काय आहे ते मागवा. झुरेक, बार्श्च किंवा नुसती खारातली काकडी. काकडी व्हिनेगरची निघाली तर कॉफी पिऊन उठा. बरणीत मिठात मुरवलेली निघाली तर बसा, पैसे वसूल होतील. विस्वाकाठच्याने नकळत हेच केलं.

तर्रीबाज

म्हणजे खानावळीत पहिल्यांदा ठेचा चाखतो तसं. पटलं.

ग्रीनपॉइंटवाली

ब्रुकलिनमधून. आमच्या ग्रीनपॉइंटमध्ये पोलिश बेकऱ्या आणि जुन्या खानावळी होत्या, आता कमी होत चालल्यात, भाडी परवडत नाहीत. त्यामुळे इथे उलटं झालंय: साधं पोलिश जेवण शोधावं लागतं.

अवांतर: विस्वाकाठच्याने आईसाठी मागवलेले चीज-बटाट्याचे प्येरोगी म्हणजे 'प्येरोगी रुस्क्ये'. नावातलं 'रुस्क्ये' रशियाचं नाही, रुथेनिया या जुन्या प्रदेशाचं, जो आज बराचसा युक्रेनमध्ये आहे. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर काही ठिकाणी मेन्यूत नाव बदलून 'युक्रेनी' केलं. आणि खाताना उकडीच्या मोदकाची आठवण हमखास येते. पारी मैद्याची, पण कळ्या पाडायची हौस तीच.

विस्वाकाठचा

खमंगकाकूंसाठी आणखी एक. सेंट मार्टिनच्या दिवशी पोझनान्यमध्ये जे चंद्रकोरीसारखे रोगाल (सारण भरलेले गोड पाव) मिळतात, त्यातलं सारण पांढऱ्या खसखशीचं असतं. बाकी पोलंडभर खसखस निळी-काळी, फक्त इथे आपल्यासारखी पांढरी. वर साखरेचा पाक आणि दाणे. आईने दोन खाल्ले आणि अनारशाशी तुलना करून अनारशाला जिंकवलं, पण काठावर.

आणि हो, नवख्यांसाठी एक सूचना. रोख पैसे देताना 'जेंकुये', म्हणजे 'धन्यवाद', म्हणू नका. वाढणारा समजतो की सुटे तुम्हीच ठेवा म्हणालात. माझे पहिल्या वर्षी पन्नास झ्वॉटी असेच गेले.

खमंगकाकू

राय मिळालं. आज तिसरा दिवस, बुडबुडे येताहेत. काका स्वयंपाकघरात यायला तयार नाहीत. वास आंबिलीसारखाच आहे, फक्त थोडा ओल्या गवताचा. सूप रविवारी.

पेरूगेटकर

आजवर फक्त वाचत होतो, पहिलाच प्रतिसाद. महिन्यापूर्वी कामासाठी वॉर्सात आलोय, मोकोतूवला राहतो, एकटाच. रोज ब्रेड-अंडं. विस्वाकाठचे दादा, त्या जागेचं नाव निरोपातून कळवाल का?

विस्वाकाठचा

कळवतो. पण एकट्याने जाऊ नका, तिथलं एक ताट दोघांना पुरतं. आई २३ ला परत जातेय, त्याआधी शनिवारी पुन्हा तिथेच जातोय, सात वाजता. तिघांसाठी चौघांचं टेबल दिलंय. या. ब्रेडसोबत येतं त्याला हात लावायचा की नाही ते आई सांगेल.